पडद्याच्या मागल्या बाजूने

कामरगावात चित्रपट पाहण्याची माझी सर्वांत जुनी आठवण पडद्याच्या मागल्या बाजूची आहे. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात दोन बांबू रोवून त्यांच्यामध्ये पांढरे कापड ताणलेले असे, यंत्राच्या बाजूला गावातली मोठी माणसे सतरंज्या-घोंगड्या टाकून दिवेलागणीपासूनच ऐसपैस बसलेली असत, आणि मग उशिरा पोचलेल्या, किंवा वेळेवर पोचूनही कोणी सरकून जागा न दिलेल्या आम्हां पोरासोरांना कापडाच्या पलीकडल्या अंगाला जाऊन बसण्यावाचून गत्यंतर उरत नसे. तिकडूनही चित्र जवळजवळ तितकेच स्वच्छ दिसे. फक्त उजव्याचे डावे झालेले असे. नायक डाव्या हाताने जेवे, नायिकेचा पदर भलत्याच खांद्यावर येई, आणि आरंभीच्या नामावळीतली सारी अक्षरे आरशात पाहिल्यासारखी उलटी उमटत. अशाच एका रात्री कोणत्याशा चित्रपटाआधी एक पाटी झळकली, आणि माझ्याहून दोन इयत्ता पुढे असलेल्या एका पोराने ती उलटी अक्षरे जुळवीत जुळवीत वाचून दाखविली की, ह्या सिनेमाला दिल्लीच्या सरकारने पदक दिले आहे. "म्हंजे पयलवानाले देतेत तसं का?" असे आमच्यातल्या एकाने विचारले, आणि त्याला उत्तर देण्याइतके ज्ञान आमच्यात कोणापाशीही नसल्यामुळे तो प्रश्न तिथेच, त्या उलट्या अक्षरांखाली, पडून राहिला.

प्रश्न वाटतो तितका पोरकट नव्हता. कुस्तीचा निकाल आखाड्याभोवती बसलेल्या हजार माणसांच्या डोळ्यांदेखत लागतो. पाठ टेकली की टेकली, तिथे पंचाला फारसे बोलण्याजोगे काही उरत नाही. चित्रपटाचे मात्र तसे नाही. तो पाहणारे हजारो आणि त्याचा निवाडा करणारे पाच-पंधरा, तेही बंद दालनात बसून; आणि त्यातही एखाद्या भाषेच्या चित्रपटांचा म्हणून जो वार्षिक सन्मान असतो, त्यात चित्रपटाबरोबर ती भाषाही तराजूत बसते. तेव्हा, ह्या सन्मानाचा मानकरी नेमका कोण, चित्रपट, त्याचा कर्ता, की ती भाषा बोलणारा मुलूख, ही शंका आमच्या त्या पैलवानप्रेमी सवंगड्याला नव्हे तरी पुढे मला वारंवार छळीत राहिली.

दिल्लीच्या त्या पदकाचा आणि मराठी भाषेचा संबंध अगदी पायाच्या दगडापासूनचा आहे. स्वतंत्र भारताच्या सरकारने चित्रपटांना राजमान्यता द्यावयाचे ठरविले आणि 1953 सालच्या चित्रपटांसाठी 1954 मध्ये पहिली पारितोषिके वाटली, तेव्हा सर्वोत्कृष्ट कथाचित्रासाठीचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले ते आचार्य प्र. के. अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात बसून लिहिलेल्या ज्या पुस्तकाने त्या पिढीच्या मराठी घरांतून एकही कोरडा डोळा शिल्लक ठेवला नव्हता, त्याच पुस्तकावरचे हे चित्र; वनमालाबाई त्यात आई झाल्या होत्या आणि माधव वझे श्याम. त्याच वर्षी बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'ला गुणवत्तेच्या प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. कारण जमीनदाराच्या कर्जापायी जमीन गमावणारा शंभू महतो हा कामरगावच्या कोणत्याही शेतकऱ्याचा सख्खा भाऊ शोभेल, आणि कोकणातली ती माउली, नदी-समुद्राच्या काठची, नारळी-पोफळीच्या सावलीतली, आम्हांला जितकी पूज्य तितकीच परमुलखातली वाटे. पंचांनी चूक केली असे मी म्हणत नाही. दारिद्र्यातही ताठ राहिलेल्या त्या आईचे मोल ज्याला कळत नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. परंतु समुद्र कधीही न पाहिलेल्या पोराला 'आपला' म्हणून जो चित्रपट सांगण्यात आला, त्यातले आपले म्हणजे केवळ भाषा होती, आणि तीही पाऊणच, एवढे मात्र खरे.

पाऊणच म्हणण्याचे कारण असे की, ज्या साली मराठी चित्रपटाने दिल्लीत पहिले सुवर्णपदक घेतले त्या साली कामरगाव मराठी राज्यात नव्हतेच. आमचा वऱ्हाड प्रांत म्हणजे मुळात निजामाचा मुलूख; 1853 मध्ये तो इंग्रजांच्या कारभाराखाली आला, 1903 मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला, आणि स्वातंत्र्यानंतर नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेश राज्यात राहिला. कामरगाव त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात, आणि 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा निराळा निघाला तेव्हा त्या जिल्ह्यात. म्हणजे गाव जागच्या जागी राहून त्याचे दफ्तर मात्र एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत हिंडत राहिले. गंमत अशी की, सरकारने आपली जुनी नावे केव्हाच पुसून टाकली असली, तरी चित्रपट-वितरणाच्या व्यापाराने ती जिवापाड जपली आहेत. ज्या इलाख्यात आमच्या गावाचा समावेश होतो त्याला वितरक मंडळी अद्यापि 'सी. पी. बेरार' असेच म्हणतात, आणि अमरावती हे त्या व्यवहाराचे एक जुने ठाणे आहे. इंग्रजांच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस आणि बेरारची सनद आज कोठे जिवंत असेल तर ती सिनेमाच्या पेट्यांवर होती, आणि आता पेट्या गेल्यावर धंद्याच्या आकडेमोडीत आहे.

अत्र्यांकडे परत वळतो, कारण पुढली कडी त्यांच्याच हाती आहे. 'श्यामची आई'च्या पाठोपाठ, प्रादेशिक भाषांसाठी स्वतंत्र पदके सुरू झाली त्या वर्षी, त्यांच्याच 'महात्मा फुले' ह्या चित्रपटाला मराठीसाठीचे रौप्यपदक मिळाले. आणि मग हा दोन पदकांचा धनी चित्रपटाचा उद्योग बाजूला सारून 1956 च्या नोव्हेंबरात 'मराठा' हे दैनिक काढून संयुक्त महाराष्ट्राच्या रणात उतरला. मराठी भाषेचे राज्य झाले ते त्या लढ्यातून, आणि ते झाल्यावर थोड्याच काळात, साठच्या दशकाच्या आरंभी, त्या राज्याने मराठी चित्रपटांचा स्वतःचा वार्षिक सन्मान सुरू केला. म्हणजे आधी भाषेला दिल्लीचे पदक, मग भाषेला राज्य, आणि मग त्या राज्याच्या हातून भाषेच्या चित्रपटांना पदके, असा हा क्रम आहे. आज त्या उपक्रमाचे नाव 'महाराष्ट्र राज्य मराठी चित्रपट पुरस्कार' असे आहे आणि त्याने साठी ओलांडली आहे.

ह्या पुरस्कारांची कार्यपद्धती सामान्य वाचकाला फारशी ठाऊक नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. एका वर्षात परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र मिळालेले मराठी चित्रपट निर्मात्यांकडून प्रवेशिका म्हणून येतात. शासनाने नेमलेले परीक्षक ते प्राथमिक फेरीत पाहतात. कलादिग्दर्शन, छायालेखन, संकलन यांसारखे तांत्रिक पुरस्कार आणि बालकलाकाराचा पुरस्कार ह्या फेरीअंतीच जाहीर होतात, आणि उरलेल्या मानांसाठी दहा चित्रपटांची नामांकने काढून अंतिम निवाडा दुसऱ्या फेरीच्या परीक्षकांवर सोपविला जातो, ज्याचे गुपित समारंभाच्या रात्री मंचावर फुटते. ह्या रचनेतला एक बारकावा मला आवडतो. पडद्यामागे राबणारा छायालेखक आणि पडद्यावरचे अजाण मूल ह्या दोघांना ताटकळत न ठेवता आधीच मोकळे केले जाते, आणि जीव टांगणीला लागतो तो मोठ्यांचाच. कुस्तीतही लहान जोडी आधी सोडतात.

परंतु ह्या पुरस्कारांचे खरे वैभव, माझ्या मते, रोख रकमेत किंवा मानचिन्हात नसून त्यांना दिलेल्या नावांत आहे. शासनाचा जाहीरनामा सहसा कोणी रसिकतेने वाचीत नाही. पण ह्या पुरस्कारांची यादी सावकाश वाचली तर तिच्यात मराठी चित्रपटाची सबंध बखर सापडते. कलादिग्दर्शनाचा पुरस्कार साहेबमामा ऊर्फ फत्तेलाल यांच्या नावाचा: कागलकडचा हा मुसलमान कलावंत 'प्रभात'च्या संस्थापकांपैकी एक, आणि दामल्यांच्या जोडीने त्याने 1936 साली दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या उत्तम चित्रांत गणला गेला. छायालेखनाचा पुरस्कार पांडुरंग नाईकांचा, गीतांचा गदिमांचा, कथेचा मधुसूदन कालेलकरांचा, बालकलाकाराचा गजानन जागीरदारांचा. विनोदी अभिनयाचा पुरस्कार दामूअण्णा मालवणकरांचा, ज्यांच्या तिरळ्या डोळ्यांनी एका पिढीला हसवून हसवून बेजार केले. वैगुण्यालाच भांडवल करणाऱ्या त्या नटाचे नाव सरकारी दस्तऐवजात अशा दिमाखाने नांदावे, हा नियतीचाही एक विनोदच.

आणि ह्या यादीतली एक जोडी तर अशी आहे की ती कोणी जाणूनबुजून घडविली असेल असे वाटत नाही, पण घडली आहे खरी. साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार शांता हुबळीकर आणि हंसा वाडकर यांच्या नावाचा आहे, आणि प्रमुख अभिनेत्रीचा स्मिता पाटील यांच्या. 'सांगत्ये ऐका' ह्या 1959 च्या चित्रपटाने हंसाबाईंना अमाप लौकिक दिला; पुढे त्याच नावाने त्यांनी सांगितलेले आत्मचरित्र निघाले, जे इतके उघडे आणि निर्भय होते की पांढरपेशा घरांतून ते पुष्कळ दिवस वर्तमानपत्राचे वेष्टन घालून वाचले गेले; त्या आत्मचरित्राच्या आधारे श्याम बेनेगल यांनी 1977 मध्ये 'भूमिका' केला, आणि त्यात हंसाबाईंच्या आयुष्यावरून बेतलेली नायिका उभी केली ती स्मिता पाटील यांनी, जिच्यासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे जिचे आयुष्य तिचे नाव 'साहाय्यक'च्या रकान्यात, आणि जिने ते आयुष्य वठविले तिचे नाव 'प्रमुख'च्या रकान्यात! हंसाबाईंना हे कळते तर त्या मोठ्याने हसल्या असत्या असे मला वाटते.

दिल्लीच्या यादीत अशी स्थिरता राहिली नाही. तेथील पदार्पणाच्या चित्रपटाच्या पुरस्काराला इंदिरा गांधी यांचे आणि राष्ट्रीय एकात्मतेच्या पुरस्काराला नर्गिस दत्त यांचे नाव वर्षानुवर्षे होते. 2024 मध्ये नियमावलीची फेररचना झाली तेव्हा ती दोन्ही नावे वगळण्यात आली. नावे कोणाची असावीत ह्याविषयी मतभेद होऊ शकतील. पण, नर्गिसबाईंचा अपवाद सोडला तर, त्या त्या कलेत ज्यांनी हाडे झिजविली त्यांच्या नावाला सहसा कोणी हात लावीत नाही, हे राजकारणी मंडळींच्या नावांपेक्षा कलावंतांच्या नावांचे एक मोठे सुख आहे.

ह्या परंपरेचा एक ताजा समारंभ मुंबईत वरळीच्या डोम सभागृहात 5 ऑगस्ट 2025 रोजी झाला, आणि त्या एकाच रात्री 60 व्या व 61 व्या अशा दोन वर्षांच्या पुरस्कारांचे वाटप उरकण्यात आले. सरकारी पंगतीत असे होतच असते. एका वर्षाचे पान वाढायला उशीर झाला की पुढल्या वर्षाच्या पानाबरोबर ते वाढतात. त्या रात्री चित्रपती व्ही. शांताराम यांच्या नावाचा जीवनगौरव महेश मांजरेकरांना आणि विशेष योगदानाचा पुरस्कार मुक्ता बर्वे यांना, तर राज कपूर यांच्या नावाचे तसेच दोन सन्मान अनुपम खेर आणि काजोल यांना देण्यात आले. मराठी चित्रपटांच्या घरच्या कार्यात हिंदीच्या पाहुण्यांना इतका मानाचा पाट कशाला, असा सूर दरवर्षी कोठे ना कोठे निघतो, आणि तो सर्वस्वी अप्रस्तुत नाही. परंतु मुंबईत राहून मुंबईच्या सिनेमाकडे पाठ फिरविणे मराठी माणसाला कधी जमले नाही, आणि तशी पाठ फिरविली असती तर शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' निघाला नसता.

मला मात्र त्या रात्रीच्या मानकऱ्यांत सर्वांत जवळचे वाटले ते गानसम्राज्ञी लता मंगेशकर पुरस्काराचे मानकरी भीमराव पांचाळे. अमरावती जिल्ह्यातल्या आष्टगावचा हा माणूस. सुरेश भटांची मराठी गझल खेड्यापाड्यांत घेऊन जाण्यात त्याने आयुष्य घातले. आमच्या अंगणापासून फार लांब नसलेल्या मातीतला एक गळा वरळीच्या त्या झगमगाटात उभा आहे, हे पाहताना ती बालपणीची शंका पुन्हा डोके वर काढू लागली: मान भाषेचा, तर भाषेच्या कोणत्या अंगणाचा?

ही शंका केवळ आमची नाही. पोर्तुगीज भाषेचे उदाहरण घ्या. गोव्यामुळे ती भाषा आपल्याला परकी असली तरी अपरिचित नाही. पोर्तुगाल हा सुमारे एक कोटी वस्तीचा चिमुकला देश. तेथील कलावंत-तंत्रज्ञांनी 2011 मध्ये आपली चित्रपट अकादमी स्थापन केली, आणि ती दरवर्षी 'सोफिया' नावाचे पुरस्कार देते. परीक्षक सरकारने नेमायचे ही आपली रीत तेथे नाही, अकादमीचे सभासदच मते देऊन निकाल लावतात, म्हणजे पंच म्हणून खुद्द पैलवानांचीच पंचायत बसते. पण तीच भाषा बोलणारा ब्राझील वीस कोटींहून मोठा. त्याची अकादमी निराळी, समारंभ निराळा, आणि त्याच्या मानचिन्हाला नाव ग्रांदे ओतेलो ह्या कृष्णवर्णीय विनोदी नटाचे. आमचे दामूअण्णा आणि त्यांचे ओतेलो स्वर्गात भेटले असतील तर त्यांना दुभाष्याची गरज पडली नसेल. भाषा एक, परंतु सभागृहे दोन, कारण मूळ पीठ लहान आणि शाखा मोठी झाली की मान कोणी कोणाला द्यायचा हा पेच सुटत नाही.

ब्राझीलच्या चित्रपटांविषयी बोलताना एका चित्राचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. 1962 साली कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक आन्सेल्मो दुआर्ते यांच्या 'ओ पागादोर दे प्रोमेसास' ह्या चित्रपटाने मिळविले. ह्या नावाचा अर्थ 'नवस फेडणारा'. एका गरीब शेतकऱ्याचे गाढव आजारी पडते. ते बरे व्हावे म्हणून तो नवस बोलतो, आणि ते बरे झाल्यावर एक प्रचंड लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन मैलोन्मैल चालत शहरातल्या चर्चच्या दाराशी येतो. पण नवस बोलला गेला तो आफ्रिकी दैवतांच्या ठाण्यावर, म्हणून पाद्री त्याला उंबरा ओलांडू देत नाही. तो बापडा हटत नाही, पाद्री नमत नाही, आणि भोवती बातमीदार, पुढारी, बघे यांची जत्रा जमते. ज्या वऱ्हाडात बैलाच्या दुखण्यासाठी आजही देवाला नारळ बोलला जातो, आणि ज्या कारंज्यात नृसिंहसरस्वतींच्या जन्मस्थानी गुरुमंदिराच्या पायऱ्यांवर नवस फेडणाऱ्यांची रीघ कधी तुटत नाही, तेथे ह्या चित्रपटाला भाषांतराची गरज नाही. आपल्याकडे त्याचा दूरचा भाऊ म्हणजे उमेश कुलकर्णींचा 'देऊळ'. हरवलेली गाय शोधता शोधता डोळा लागलेल्या केश्याला दत्ताचा दृष्टांत होतो, आणि मग त्या भोळ्या दृष्टांताचे गावातले पुढारी काय करतात ते पाहून दत्तभक्तांच्या ह्या मुलखाने हसावे की मान खाली घालावी हे समजेनासे होते. दिल्लीचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळविणाऱ्या पाच मराठी चित्रपटांपैकी 'देऊळ' हा एक. 'श्यामची आई'नंतर तब्बल पन्नास वर्षे तो मान मराठीकडे आला नव्हता, तो 2004 मध्ये संदीप सावंतांच्या 'श्वास'ने परत आणला, आणि पुढे चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' आणि सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा 'कासव' यांनी त्यात भर घातली.

ह्या पाचांत कोकण आहे, मुंबई आहे, देश आहे, वऱ्हाड नाही. ही तक्रार नव्हे, कैफियत आहे. कारण दुसऱ्या पायरीवर विदर्भाने आपली हजेरी लावली आहेच. नागपूरच्या राजेश पिंजानींच्या 'बाबू बँड बाजा'ने 58 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाच्या चित्रपटाचा मान मिळविला. मुलाला शाळेत धाडण्यासाठी जिवाचे रान करणारी त्यातली आई मिताली जगताप यांनी साकारली आणि त्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या पुरस्काराच्या मानकरी ठरल्या. त्याच वर्षी वर्ध्याकडच्या सिंधुताई सपकाळ यांच्या जीवनावरचा अनंत महादेवन यांचा चित्रपटही गौरविला गेला. एका मुलखातल्या दोन आया, एका वर्षी दिल्लीत. श्यामच्या आईचा वारसा असा कोकणातून विदर्भात आला, असे मी माझ्या मनाशी ठरवून टाकले आहे.

बोलीचा प्रश्न मात्र ह्याहून खोल आहे. 2019 साली पोर्तुगालच्या पेद्रू कोश्ता ह्या दिग्दर्शकाच्या 'वितालिना वारेला' ह्या चित्रपटाने लोकार्नो महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक घेतले. नवऱ्याच्या अंत्यविधीनंतर तीन दिवसांनी लिस्बनला पोचलेल्या एका बाईची ही कथा, आणि तिच्या तोंडी पोर्तुगीज नव्हे, तर केप व्हर्देच्या बेटांवरची क्रिओल बोली आहे. पोर्तुगालने तो चित्रपट आपला म्हणून मिरविला, आणि ते शहाणपणाचेच केले. कारण राजधानीच्या भाषेला जे दुःख नेमके सांगता येत नाही ते पुष्कळदा तिच्या कडेला वाढलेल्या बोलीत मुक्कामाला असते. गोव्यातही दुसरे काय झाले? साडेचारशे वर्षे दरबाराची भाषा पोर्तुगीज राहिली, पण लोकांनी पडद्यासाठी 1950 मध्ये पहिला बोलपट काढला तो कोंकणीत, 'मोगाचो आंवडो'. आणि पुढे लक्ष्मीकांत शेटगावकरांच्या 'पलतडचो मुनीस'ने टोरांटोला समीक्षकांचा पुरस्कार घेतला तोही कोंकणीतच.

वऱ्हाडीच्या वाट्याला पडद्यावर पुष्कळ काळ आले ते विदूषकाचे काम. नायकाने पुण्याची मराठी बोलावी आणि गड्याने 'काऊन जी' म्हणून प्रेक्षकांना हसवावे, असा जणू वहिवाटीचा हुकूमच होता. तो मोडला सतीश मनवर यांनी आपल्या 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर आपल्याही नवऱ्याच्या मनात तेच असेल की काय, ह्या धास्तीने अलका त्याच्यावर पहारा ठेवते, पोराला त्याच्या मागे मागे वावरात धाडते, त्याचे मन रमावे म्हणून गोडधोड रांधते. आणि किसना बिचारा कापसाच्या पेरणीवर पाऊस कधी येतो एवढ्याच एका विवंचनेत असतो. बायकोचा संशय आणि पावसाची लहर ह्या दोहोंमध्ये सापडलेल्या त्या माणसावर आपण हसतो, आणि हसता हसता घशात काही अडकते. ह्या चित्रपटाच्या निर्मितीला नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम महोत्सवाच्या निधीचे साहाय्य झाले होते आणि 2009 मध्ये तो तेथे दाखविला गेला. वऱ्हाडच्या पावसाची गोष्ट अशी आधी समुद्रापलीकडच्या एका बंदरात पोचली. कामरगावात ती यायला पुढे कित्येक वर्षे लागली.

गावात ती आली तेव्हा मी योगायोगाने तेथे होतो. गणपतीचे दिवस होते. मंडळाच्या पोरांनी कोठून तरी प्रक्षेपक मिळविला होता, आणि मांडवाच्या कडेला एक पलंगपोस ताणून त्यावर चित्रपट लावला होता. मी गेलो तेव्हा पुढली बाजू भरून गेली होती, म्हणून जुन्या सवयीने मागे जाऊन पोरांत बसलो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांची सोयाबीनची शेंग त्या साली भरली नव्हती आणि त्याविषयी ते मध्ये मध्ये पुटपुटत होते. पडद्यावर किसना बोलू लागला तसे ते पुटपुटणे थांबले. जरा वेळाने ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हे तं आपल्यावानीच बोलते ना बावा!" मी म्हटले, बोलणारच, गोष्ट इकडचीच आहे. "मंग याले काही बक्षीस-बिक्षीस भेटलं का नाही?" मी त्यांना रॉटरडॅमचे सांगितले, ते कोठे आहे तेही हाताने पश्चिमेकडे दाखवून सांगितले. त्यांनी थोडा विचार केला.

"त्यायले समजलं का पण? काऊन म्हंजे काय ते?"

मी म्हटले, चित्राखाली त्यांच्या भाषेतली अक्षरे येतात, ती वाचून समजते. त्यांनी पडद्याकडे पाहिले. तिथेही खाली अक्षरे उमटत होती, आणि आम्ही बसलो होतो तिकडून ती उलटी दिसत होती.

"आपल्याले नाही लागत ते," असे म्हणून त्यांनी धोतराचा सोगा आवरला आणि ते पुन्हा किसनाचे बोलणे ऐकू लागले.